दगडू आंबेरकरांचे निवडक बांगडे

दगडू गुणाजी आंबेरकर परळच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. परिचर हा सेवापुस्तकातला शब्द. प्राध्यापक त्यांना 'दगडू' म्हणत, मुलं 'दगडूमामा' म्हणत आणि परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक 'ए, जरा इकडे' म्हणत. सकाळी ट्रे मांडायचे, दुपारी धुवायचे, बेडूक कापायला परवानगी होती तोवर बेडूक धरायचे आणि ती गेल्यावर बेडकाचा तक्ता भिंतीला टांगायचा. हे सगळं दुसऱ्या कुणालाही जमलं असतं. एक काम मात्र फक्त त्यांचं होतं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावर जायचं, बारा बांगडे आणायचे, काचेच्या बरणीत फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचे आणि शिसपेन्सिलीनं तारीख लिहिलेली चिठ्ठी आत सोडून झाकण मेणानं बंद करायचं. पावसाळ्यात होड्या बंद, त्यामुळे वर्षाला दहा बरण्या.

ही कल्पना डॉ. मनमोहन धैर्यवान यांची. घराणं गिरगावातलं, मूळ मुंबईकर. पणजोबा गोऱ्या साहेबाच्या कचेरीत कारकून, आजोबांच्या दोन चाळी, वडील सॉलिसिटर, आणि हे माशांचे डॉक्टर. म्हणजे मेलेल्या माशांचे. माशाच्या अंगावर आणि पोटात जे किडे-जंत राहतात, त्यांच्यावर त्यांचा जीव होता. समुद्रातले रोग वाढतात की घटतात हे आज बघून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजचा मासा आजच्यापुरतंच बोलतो. तीस वर्षांचे मासे ओळीनं ठेवले, तर पुढे कधी कुणीतरी बरण्या उघडेल, किडे मोजेल आणि समुद्राचं काय झालं ते सांगेल. १९८१ साली हे ऐकून विभागप्रमुखांनी एक खोली दिली. ती जिन्याखालची होती आणि तिथे दुसरं काही ठेवता येत नव्हतं.

धैर्यवान जितके शास्त्रज्ञ होते तितकेच मासेखाऊ होते. त्यामुळे पहिल्या शनिवारी दगडू दोन डझन बांगडे आणत. एक डझन विज्ञानाला, एक डझन गिरगावात घरी. दोन्ही एकाच टोपलीतले. ट्रेमध्ये पसरलेले मासे बघून साहेब म्हणत, "वा दगडू! काय बांगडे आणलेस!" आणि हे कौतुक नेमकं कुठल्या डझनाचं, असा प्रश्न दोघांपैकी कुणालाही कधी पडला नाही.

दगडूंच्या आयुष्यात तेव्हा कौतुकाची टंचाई होती. नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी गिरणीचा संप झाला. वडील आणि दोन भाऊ लूमवर होते, ते घरी बसले. एक भाऊ कोकणात आचऱ्याला गावी परत गेला आणि तिथेच संपला. दुसरा चिंचपोकळीच्या चाळीत, गॅलरीत उभा राहून गिरणीच्या चिमणीकडे बघत वीस वर्षं जगला. घरात पगार एकच, तोही बरण्या भरणाऱ्याचा. चाळीत कुणी घरच्यांना विचारलं की 'दगडू काय करतो,' तर 'कॉलेजात असतो' एवढं सांगून पुढचं टाळलं जाई.

धैर्यवान २००३ साली वारले. त्यानंतर बरण्यांबद्दल कुणी विचारलं नाही, पण बरण्या भरू नका असंही कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे कुठलंही काम टिकायला एवढं पुरतं. दगडू भरत राहिले. फॉर्मॅलिनच्या वाफेनं हळूहळू त्यांच्या नाकातला वास गेला. शेवटच्या सातआठ वर्षांत घरात गॅस गळला तरी त्यांना कळत नसे. ते म्हणत, डोळे आणि हात शाबूत आहेत, धक्क्यावर तेवढेच लागतात.

२०१२ साली शाल आणि श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला, तेव्हा खोलीत तीनशे दहा बरण्या होत्या. काम कंत्राटावरच्या आनंदाकडे गेलं. आनंदा साताऱ्याकडचा, चाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ. दगडूंनी त्याला धक्का दाखवला, कोळीण दाखवली. तो म्हणाला, "मामा, आणीन की. पण बघणार नाही." आणि त्यानं शब्द पाळला. पिशवी उघडी धरायची, मान समुद्राकडे फिरवायची, कोळीण बारा टाकेल, पैसे द्यायचे, निघायचं. टाळेबंदी आली तेव्हा हेही थांबलं, आणि आनंदाचं कंत्राटही.

बरण्या उघडणारं कुणीतरी अखेर २०२२ साली आलं. क्षितिजा तळपदे, वय सत्तावीस, विद्यापीठात पीएच.डी. करत होती. विषय तोच: गेल्या चाळीस वर्षांत समुद्रातल्या माशांचे परजीवी आणि रोग कसे बदलले. विषय मिळाला होता, चाळीस वर्षं मिळत नव्हती. धैर्यवानांच्या एका जुन्या अहवालात तिला जिन्याखालच्या खोलीचा उल्लेख सापडला. खोलीला कुलूप होतं, किल्ली कुणाकडे नव्हती. ऑफिसातल्या बाईंनी दगडूंचा नंबर दिला. किल्ली त्यांच्याकडे, देवाच्या फळीवर होती; कंत्राट संपलं तेव्हा आनंदानं ती आणून दिली होती.

"मला माहीत होतं कोणतरी येणार," दार उघडता उघडता दगडू म्हणाले. "साहेब बोलले होते तीस वर्षं लागतील. जरा उशीर केलात."

"सॉरी काका," ती म्हणाली, आणि आत जाऊन रांगेनं चिठ्ठ्या वाचू लागली. परदेशातल्या संग्रहालयांत लोक अशा जुन्या बरण्यांसाठी पत्रव्यवहार करून थकतात. इथे एका जागेचे, एका जातीचे, एकाच पद्धतीनं भरलेले मासे तारखेनुसार रांगेत उभे होते.

उभे होते, पण किती दिवस ते ठरत नव्हतं. सुरक्षा तपासणीवाल्यांनी फॉर्मॅलिनच्या खोलीवर लाल शेरा मारला होता, आणि प्राचार्य देवदत्त कारखानीसांना तिथे कौशल्य विकास कक्ष हवा होता. क्षितिजा विनवणी करायला गेली. कारखानीस माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "तुमचा लेख एखाद्या मोठ्या जर्नलमध्ये येऊ द्या, मग याला वारसा म्हणता येईल. मूल्यांकन समितीला दाखवू. नाही आला, तर मी किती दिवस धरून ठेवू? नुसते मेलेले बांगडे आहेत हो."

तेव्हा ठरलं ते असं: लेख आला तर बरण्या राहणार, नाही तर जाणार. दगडूंना ते समजलं होतं. ते आठवड्यातून तीनदा येऊ लागले, बिनपगारी. मेण खरवडून झाकणं उघडत, उडालेलं फॉर्मॅलिन भरत, दर बरणीतले चार बांगडे काढून ट्रेवर ठेवत आणि झाकण पुन्हा मेणानं बंद करत. क्षितिजा माशाचे कल्ले आणि पोट उघडून भिंगाखाली मोजत असे. पोटात जंत. कल्ल्यात एक पांढुरका, नखाएवढा, झुरळाच्या पिल्लासारखा कवचवाला किडा, जो एकदा शिरला की मासा मरेपर्यंत तिथेच राहतो. सत्तरीतल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी 'काका, हे बघा' म्हणून बोलावत होतं. ते चाळीत आता आपणहून सांगू लागले की कॉलेजात रिसर्च चालू आहे.

दीड वर्षानं तिनं लॅपटॉपवर आलेख काढला. कल्ल्यातला किडा १९८१ पासून शंभर माशांत तीनचार. रेघ जमिनीला लागून सरळ चाललेली. २०१२ नंतर ती उभी वर, शंभरात तेवीस.

दगडूंनी बराच वेळ बघितलं. "म्हणजे मी रिटायर झालो आणि समुद्र बिघडला."

"तसंच दिसतंय काका," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

लेख गेला. समुद्राचं तापमान, सांडपाणी, अतिमासेमारी अशी तीन कारणं त्यात सुचवलेली होती. चार महिन्यांनी जर्नलच्या एका परीक्षकानं दोन शंका काढल्या. कल्ल्यातला किडा सहापट वाढला, तर त्याच माशांच्या पोटातले जंत चाळीस वर्षं तेवढेच कसे राहिले? आणि मासे गोळा करण्याची पद्धत कायम एकच होती, कुठलीही निवड केली नव्हती, असं संबंधित व्यक्तीकडून लेखी मिळेल का? पहिल्या शंकेवर क्षितिजानं दीड पान लिहिलं. दुसरी तिला सोपी वाटली. तिनं चार ओळी टाइप केल्या आणि रविवारी सकाळी ती चिंचपोकळीला गेली.

दगडूंच्या पत्नी मालन यांनी आधी खोबऱ्याची वडी दिली, मग पंखा तिच्याकडे वळवला.

"काका, इथे फक्त एक सही. 'मासे न निवडता, टोपलीतून जसे हाताला आले तसे घेतले.' त्यांना लेखी हवंय."

दगडूंनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. "हे कोणी लिवलं?"

"मी."

"मॅडम, तुम्ही मला काय समजता? एकतीस वर्षांत एक बांगडा मी न बघता घेतला नाय. एक!"

"तसं नाही काका, म्हणजे..."

"न निवडता म्हणे! असं कोणी लिहून दिलं तर लोक काय बोलतील? की दगडू आंबेरकर कॉलेजच्या पैशात डोळे मिटून मासे आणायचा?"

आतून मालन म्हणाल्या, "अगो बाय, ह्यांका बाजारात धाडला काय अर्धो दिस गेलो. एकेका बांगड्याचो मुडदो तपासल्यासारखे तपासतत. लग्नाआधी माका पण येवढा बघूक नव्हता."

क्षितिजा हसली. हसणं पुरतं ओसरायच्या आतच तिनं विचारलं, "तपासायचे म्हणजे काय करायचात, काका?"

आता दगडूंचा राग उतरला होता. कुणी पद्धत विचारली की ते खुलत. "कल्ला उचलायचा. आत लालभडक पायजे. मग अंगठ्यानं पोट. कडक असलं तर ठीक. आणि कल्ल्यात तो आपला पांढरा किडा दिसला, की टोपलीत परत."

"परत?"

"मग काय किडका मासा बरणीत घालू? साहेबांची बरणी ती. कोळीण शिव्या द्यायची. बोलायची, 'मासं घ्यायला आलायस का पोरीला स्थळ बघायला?' मी बोललो, कॉलेजात ठेवायचे आहेत, पन्नास वर्षं लोक बघणार."

"किती परत टाकायचात?"

"त्याचा काय नेम? कधी पंधरात बारा मिळायचे. कधी पन्नास बघायला लागायचे."

"हे नंतर नंतर? रिटायर व्हायच्या आधी?"

"नाय हो. पहिल्यापासून. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीला तर लय किडे होते."

"कुठे लिहून ठेवलंय? किती टाकले ते?"

दगडूंनी तिच्याकडे असं बघितलं की शिकलेल्या माणसांबद्दलचं त्यांचं मत त्या क्षणी किंचित खाली आलं असावं. "न घेतलेला मासा कोण लिवून ठेवतो, मॅडम?"

तिनं वडी बशीत ठेवली. सांगायला तिला वेळ लागला, आणि समजायला त्यांना त्याहून जास्त. की तिला किडके मासेच हवे होते. सगळेच किडके नव्हेत, पण समुद्रात जितके होते तितके. की तीनशे दहा बरण्यांत समुद्र नव्हता, दगडूंची पसंती होती. की रेघ वर गेली ती समुद्र बिघडला म्हणून नव्हे, खरेदी करणारा बदलला म्हणून. आणि पोटातले जंत बाहेरून दिसत नाहीत, दगडूंना ते परत टाकता आले नाहीत. म्हणून तेवढे चाळीस वर्षं जागच्या जागी राहिले.

"म्हणजे आनंदानं आणले ते बरोबर?"

"हो."

"त्यानं बघितले पण नाय."

"म्हणूनच."

शेजारच्या खोलीत टीव्हीवर रेसिपी चालू होती.

"साहेब मला कधी बोलले नाय," दगडू म्हणाले. "समोर ट्रे ठेवायचो मी. बघून खूश व्हायचे."

क्षितिजाला उत्तर माहीत होतं. तीही गिरगावातली, तिच्या घरात रविवारी पापलेट कुणी आणलं आणि कसं आणलं यावर जेवण संपेपर्यंत चर्चा चाले. वाईट मासाही बरणीत हवा, हा विचारच धैर्यवानांना शिवला नसणार. दोघंही मासे ओळखणारे होते. एक तरी न ओळखणारा असायला हवा होता.

"मग आता बरण्या जाणार," दगडू म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"द्या तो कागद. करतो सही." त्यांनी खिशातलं पेन काढलं. "साहेब गेले. कोळीण गेली. आनंदा कशाला बोलायला येतोय? तुमच्या-माझ्याशिवाय माहीत कोणाला?"

"आणि माका?" मालन दारात उभ्या होत्या.

"तू गप गो."

क्षितिजाची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. मार्गदर्शकांनी विभागाच्या वेबसाइटवर लेखाची बातमी आधीच टाकली होती. तिनं कागदाकडे बघितलं, पेनाकडे बघितलं. "मला विचार करू दे काका," एवढं म्हणून ती उठली. कागद मात्र तिनं नेला नाही. आणि मागे ठेवलेल्या कागदाचा अर्थ माणूस आपल्याला हवा तसा लावतो.

दगडूंनी तो दिवसभर समोर ठेवला. संध्याकाळी सही केली, खाली तारीख घातली. सोमवारी दहा वाजता ते कॉलेजात हजर झाले. क्षितिजा जिन्यावर बसली होती.

"केली सही," ते म्हणाले. "धाडून टाका."

"काका, मी कळवलं त्यांना."

"काय?"

"खरं ते. लेख मागे घेतला."

"कधी?"

"कालच. तुमच्याकडून निघाले आणि बसमध्ये बसल्या बसल्या मेल केला. घरी पोचेपर्यंत थांबले असते तर जमलं नसतं."

दगडूंनी कागदाची चौपट घडी केली आणि खिशात ठेवली. बहात्तर वर्षांच्या माणसानं लेखी खोटं पहिल्यांदाच बोलावं आणि ते कुणाच्या उपयोगीही पडू नये, यात सांत्वन शोधलं तर सापडेल. त्यांनी शोधलं नाही. "चहा घेतलात?" म्हणाले आणि कँटीनकडे चालू लागले.

क्षितिजानं शेवटचा प्रयत्न केला. ती प्राचार्यांना जाऊन म्हणाली की बरण्या वाया गेलेल्या नाहीत. कल्ल्याचे आकडे उपयोगाचे नाहीत, पण पोटातल्या जंतांचे शंभर टक्के खरे आहेत. चाळीस वर्षांची अशी मोजणी या किनाऱ्यावर तिच्या माहितीत दुसरी नाही.

"मग वाढलेत का जंत?" कारखानीसांनी विचारलं.

"नाही सर. तेवढेच आहेत."

"कमी झालेत?"

"नाही."

"मग दाखवायचं काय, मॅडम?"

पुढे तिनं चार पानांचं एक टिपण लिहिलं: संग्राहकाच्या आवडीमुळे संग्रहात कसा दोष शिरतो. आलेख तोच, रेघ तीच, खालचं स्पष्टीकरण वेगळं. संग्राहक म्हणून दगडू आंबेरकर हे पूर्ण नाव आत घालायचा तिनं हट्ट धरला आणि ते छापून आलं. दोषाचा उगम म्हणून का होईना, लूमवरच्या गुणाजींच्या घरातलं ते छापलेलं पहिलं नाव. दगडूंना तिनं एक प्रत दिली. इंग्रजी होती, म्हणून त्यांनी बघून परत केली. मार्चनंतर ती एका औषध कंपनीत लागली.

एप्रिलमध्ये विल्हेवाट लावणाऱ्या कंपनीची माणसं आली. मुखवटे, रबरी हातमोजे, मासे टाकायला पिवळ्या पिशव्या, फॉर्मॅलिन ओतायला निळी पिंपं. सकाळभरात त्यांनी नऊ बरण्या उघडल्या आणि पाच फोडल्या. झाकणं मेणानं बसलेली होती, त्यांची तऱ्हा वेगळी. ऑफिसातून दगडूंना फोन गेला. 'तुम्हाला जमेल का मामा, नाहीतर काचा होतायत नुसत्या.'

ते चार दिवस आले. मुखवटा त्यांनी घेतला नाही. वास येत नाही म्हणाले. सुरीच्या पाठीनं मेण सैल करायचं, झाकण डावीकडे अर्धा इंच फिरवून एकदम उचलायचं. चिठ्ठ्यांचं काय करायचं असं पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. कचऱ्याबरोबरच, असं उत्तर मिळालं. मग ते चिठ्ठी न वाचता मासे पिशवीत उलटे करू लागले. त्यानं काम भराभर होत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी कंपनीचा सुपरवायझर बाहेरच्या पायरीवर डबा खायला बसला. आत बघत त्यानं विचारलं, "चाचा, इतने साल का माल है. किसी काम का था क्या?"

"नाय," दगडू म्हणाले आणि पुढची बरणी ओढली. संध्याकाळपर्यंत अजून चाळीस उघडायच्या होत्या.